सेफ्टी ऑफिसर व्हायचंय: एडिस, नेबॉश की आधी प्लांटमधला अनुभव?

वाशिष्ठी
नमस्कार मंडळी. मी बीएस्सी केमिस्ट्री, लोटे-परशुरामच्या एका इंटरमीडिएट (दुसरी रसायनं बनवायला लागणारी रसायनं) बनवणाऱ्या कारखान्यात प्रॉडक्शनला आहे. तिसरं वर्ष संपत आलंय. शिफ्टमध्ये वर्क परमिट, म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्याआधीची लेखी परवानगी, भरायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे येतं. आधी तो नुसता फॉर्म वाटायचा. आता सही करण्याआधी मी स्वतः लाइन कुठून कुठे जाते ते बघून येते, कुठला व्हॉल्व्ह बंद आहे ते हात लावून पाहते. दिवसभरातलं तेच काम मला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून या क्षेत्रात पूर्णवेळ जायचा विचार आहे.

ठाण्याच्या एका क्लासमध्ये चौकशी केली. ते म्हणाले, नेबॉश ही सुरक्षेची ब्रिटिश परीक्षा करा, थोड्या दिवसांचा कोर्स, गल्फमध्ये नोकरी नक्की. फी ऐकून बाबा गप्प झाले. आमच्या प्लांटचे सेफ्टी ऑफिसर म्हणतात एडिस, म्हणजे औद्योगिक सुरक्षेची पदविका कर. घरच्यांचं म्हणणं बीएड कर आणि चिपळूणलाच राहा. माझा तीन वर्षांचा अनुभव यात धरतात का? मुलींना या पदावर घेतात का? आणि या नोकरीत प्रत्यक्षात काय करावं लागतं, हेल्मेट वाटणं आणि रजिस्टर भरणं एवढंच तर नाही ना? जे या कामात आहेत त्यांनी कृपया लिहा.

शॉपफ्लोअर
वाशिष्ठी, क्लासला पैसे भरायच्या आधी एक गोष्ट समजून घे. महाराष्ट्रातल्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर हे कायद्याने ठरवलेलं पद आहे आणि त्याची पात्रताही कायद्यानेच ठरते. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४०-ब प्रमाणे हजार किंवा जास्त कामगार असतील तिथे सुरक्षा अधिकारी नेमावाच लागायचा. धोक्याची प्रक्रिया असेल तर सरकार लहान कारखान्यालाही तसा आदेश देऊ शकायचं. त्यासाठी महाराष्ट्राने १९८२ साली सुरक्षा अधिकाऱ्यांचे वेगळे नियम केले. त्यात तुझं मूळ शिक्षण आणि कारखान्यातला अनुभव बघतात, राज्य सरकारने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदविका मागतात, आणि कामगारांची भाषा येते की नाही हेही बघतात. भाषेची अट मला फार योग्य वाटते. ज्याला ऑपरेटरशी धड बोलता येत नाही त्याने हे काम करूच नये.

ती पदविका म्हणजे एडिस, ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी. एक वर्षाची असते. आपल्या तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न काही संस्थांमध्ये आहे, आणि मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत आहे. सायनची संस्था केंद्र सरकारच्या डीजीफासली खात्याखाली येते. तिथे प्रवेश मिळाला तर दुसरीकडे बघू नकोस. त्यांची यंत्रसामग्री, प्रयोगशाळा, शिकवणारी माणसं, सगळं या विषयातलंच आहे. परराज्यातल्या कुठल्यातरी विद्यापीठाची घरबसल्या मिळणारी पदविका घेणार असशील, तर ती महाराष्ट्रात मान्य आहे का हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून आधी लेखी विचारून घे. संस्थेच्या माहितीपत्रकावर ‘शासनमान्य’ छापलेलं असतं, पण कुठल्या शासनाने कशासाठी मान्य केलंय ते खाली बारीक अक्षरातही नसतं.

अनुभवाबद्दल: इंजिनिअरपेक्षा बीएस्सीवाल्यांना जास्त वर्षं लागतात, आणि अनुभव देखरेखीच्या कामाचा लागतो. तेव्हा तुझ्या अनुभवपत्रात नुसतं ‘केमिस्ट’ लिहिलंय की शिफ्ट सांभाळल्याचा, हाताखाली माणसं असल्याचा उल्लेख आहे, ते आत्ताच बघ. नोकरी सोडल्यावर असं पत्र मिळवायला फार वणवण करावी लागते.

आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत ही हजाराची मर्यादा पाचशेवर आली आहे. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात अडीचशे, बांधकामावर अडीचशे, खाणीत शंभर. म्हणजे तुमच्या लोट्यासारख्या रासायनिक वसाहतीत या पदांची गरज वाढणार. जुन्या नियमांकडून नव्याकडे जायचा हा काळ आहे, तेव्हा अर्ज करताना पात्रतेची ताजी अधिसूचना स्वतः वाच. माझ्यासकट कुणाच्याही सांगण्यावर जाऊ नकोस.

अबुधाबीकर
शॉपफ्लोअर यांच्याशी पूर्ण सहमत. मी दुसरी बाजू सांगतो. इकडे नेबॉशचं इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट मागतात हे खरं आहे. नेबॉश ही परीक्षा घेणारी ब्रिटनमधली संस्था आहे. परीक्षेचे दोन भाग: एक उघड्या पुस्तकाची लेखी परीक्षा, ज्यात एका कामाच्या जागेचं वर्णन देतात आणि त्यावरून लिहायचं असतं, आणि दुसरं स्वतः केलेलं जोखमीचं मूल्यमापन. बसायला पदवीची अट नाही, इंग्रजी मात्र चांगलं लिहिता यायला हवं. अभ्यासक्रम उत्तम आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण ‘नोकरी नक्की’ असं जो क्लास सांगतो तो खोटं बोलतो. इथे निविदेत ग्राहक लिहितो की सेफ्टी ऑफिसरला अमुक वर्षांचा साइटचा अनुभव हवा, आणि सीव्ही ग्राहकाच्या माणसाकडून मंजूर व्हावा लागतो. अनुभवाशिवाय नुसतं सर्टिफिकेट घेऊन आलेली मराठी मुलं मी बघितली आहेत. व्हिजिट व्हिसावर येतात, एका खोलीत सहा-सात जण राहतात आणि शेवटी स्टोअरकीपर म्हणून लागतात. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं.

तू आधी एडिस कर, तिकडे भारतातच दोन-चार वर्षं काढ. मग नेबॉश कर. तेव्हा ते तुझ्या उपयोगाचं होईल आणि फीसुद्धा कंपनी भरेल.

इथलं काम कसं असतं म्हणशील, तर उन्हाळ्यात निम्मं लक्ष उष्णतेवर. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. पण उष्माघात सकाळी दहालाही होतो. नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात पूर्ण काम द्यायचं नसतं, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. हे मुकादमाला पटवणं हीच खरी नोकरी.

कडुलिंब
सगळे चांगलं चांगलं सांगताय म्हणून लिहितो. या पदाला कारखान्यात किंमत नाही. प्रॉडक्शनवाले ऐकत नाहीत, अपघात झाला की पहिली नोटीस सेफ्टीवाल्याला. माझ्या भावाने चार वर्षांत सोडलं. ताई, बीएड करा.

शॉपफ्लोअर
कडुलिंब, भावाच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं आणि असं होतं हे मी नाकारत नाही. पण कायदा काय म्हणतो तेही इथे नोंदवतो. कारखान्यातल्या सुरक्षेची जबाबदारी भोगवटादाराची, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेल्याची, आणि व्यवस्थापकाची. सुरक्षा अधिकाऱ्याची कर्तव्यं सल्ला देणं, तपासणी करणं, अपघाताची चौकशी, प्रशिक्षण अशी आहेत. त्याचा दर्जा वरिष्ठ अधिकाऱ्याचा असावा, तो थेट प्रमुखाच्या हाताखाली असावा, आणि त्याच्या कर्तव्याशी संबंध नसलेलं काम त्याला देऊ नये, हे या नियमांचं सूत्र आहे. आता कित्येक ठिकाणी त्याच माणसाकडे कॅन्टीन, बागकाम, गेटची सुरक्षा आणि वाहनतळ दिलेला असतो. तिथे तो काय प्लांटमध्ये फिरणार? म्हणून मी प्रत्येक नवीन मुलाला सांगतो, जे सांगायचं ते लेखी सांग. तारीख, जागा, धोका, सुचवलेला उपाय, आणि प्रत कोणाला. ईमेल दोन ओळींचा असला तरी चालेल.

किंमत नाही म्हणता, ती कशी मिळते ते एका उदाहरणाने सांगतो. भोसरी-चाकण पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं जातात हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. एका सप्लायरकडे चौकशीला गेलो होतो. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं होती, म्हणजे हात डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यात, जाऊच नयेत. त्यातल्या एका बटणात पॅकिंगचा तुकडा खुपसून ते कायमचं दाबून ठेवलेलं. अहवालात लिहिलं होतं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा, समज दिली.’ झालं, फाइल बंद.

मी त्या मशीनपाशी अर्धी शिफ्ट उभा राहिलो. पीस छोटा, हाताने डायमध्ये ठेवायचा, दाबायचं, हाताने काढायचा. तासाचं टार्गेट असं की दोन्ही बटणं दाबत बसलं तर ते पुरं होणारच नाही. टार्गेट ठरवणाऱ्याने एक हात मोकळा धरूनच हिशेब केला होता. बरं, बटणाचं सर्किट असं की एक बटण अडकवून ठेवलं तरी मशीन चालायचं. नीट बनवलेल्या कंट्रोलमध्ये दोन्ही बटणं साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबावी लागतात आणि दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात. तसं असतं तर तो तुकडा निरुपयोगी ठरला असता. शेवटी काय केलं, तर तो रिले बदलला आणि पीस सरकवायला ट्रे बसवला. हात डायपासून लांब गेला आणि उत्पादनही कमी झालं नाही. त्यानंतर तिथल्या प्रॉडक्शन मॅनेजरने स्वतःहून बाकीच्या प्रेस दाखवायला नेलं.

‘निष्काळजीपणा’ लिहून जो थांबतो त्याला कारखान्यात मान मिळत नाही, आणि मिळू नये.

रिॲक्टरकाका
पोरी, मी रासायनिक कारखान्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालो. तू केमिस्ट आहेस हे तुझं भांडवल आहे, ते सोडू नकोस. रासायनिक प्लांटमध्ये सेफ्टीवाल्याला प्रक्रिया कळत नसेल तर तो फक्त बूट-हेल्मेट बघतो, आणि मोठा अपघात बूट-हेल्मेटमुळे टळत नाही.

भोपाळचं नीट वाच. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी गेलं, प्रक्रिया भडकली. हे तुला समीकरणात कळेल. पण त्या टाकीचं शीतकरण काही महिने बंद होतं, वायू जाळणारा फ्लेअर दुरुस्तीसाठी सोडवून ठेवलेला होता, वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता. संरक्षणाची एकेक व्यवस्था आधी कागदावर आणि मग प्रत्यक्षात निकामी होत गेली. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं. धोक्याची माहिती कामगारांना आणि आजूबाजूच्या वस्तीला देणं, आपत्कालीन आराखडा, वैद्यकीय तपासणी, हे सगळं त्यातून आलं. आपल्याकडे डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये जे स्फोट झाले तेव्हा वस्तीतल्या घरांच्या काचा फुटल्या. तू लोट्यात आहेस, कारखान्यापलीकडची घरं तुला रोज दिसत असतील.

आता तुझ्या परमिटबद्दल. रिॲक्टरमध्ये, म्हणजे प्रक्रियेच्या बंद टाकीत, माणूस उतरवायचा असेल तेव्हा काय बघतेस ते स्वतःला विचार. नुसता व्हॉल्व्ह बंद असणं पुरेसं नाही, व्हॉल्व्ह गळतो. लाइनमध्ये ब्लाइंड, म्हणजे ती पूर्ण बंद करणारी चकती, टाकलेली हवी किंवा लाइनचा तुकडा काढून टाकलेला हवा. नायट्रोजनची लाइन विशेष बघ, कारण त्याला वास नाही, रंग नाही, आणि शुद्ध नायट्रोजनचे एक-दोन श्वास गेले की माणूस हाक मारायच्या आधी पडतो. ॲजिटेटरच्या, म्हणजे आतल्या ढवळणीच्या, स्विचला कुलूप लावून किल्ली उतरणाऱ्या माणसाच्या खिशात द्यायची. मग गॅस तपासणी: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर माणूस आत जाणार नाही. तपासणी मॅनहोलच्या तोंडाशी करून भागत नाही. टोल्युइनसारख्या द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी बसते. मीटरची नळी खाली सोडून वर, मध्ये, तळाशी अशी तीनदा घ्यायची. आतला हातदिवा २४ व्होल्टचा. बाहेर एक माणूस, ज्याला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही, आणि त्याला पक्कं बजावायचं की आतला पडला तर तू आत उडी मारायची नाहीस. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेही बरेच मरतात. ट्रायपॉड आणि दोरी आधीच लावलेली असेल तर वरूनच ओढून काढता येतं.

हायड्रोजन सल्फाइडचा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजणारे गेले. जास्त प्रमाणात तो नाकाची जाणीवच मारतो.

हे सगळं तुला पुस्तकात मिळेल. पण परमिट मागायला फिटर उभा आहे, मॅनेजरचा फोन येतोय, बॅच थांबली आहे, अशा वेळी ‘अजून तळाची तपासणी झाली नाही’ हे शांतपणे सांगता येणं पुस्तकात मिळत नाही. तुझ्या लिहिण्यावरून वाटतं तू ते आत्ताच करते आहेस.

उंचमाळा
वाशिष्ठी, मुलींबद्दल विचारलंस म्हणून लिहिते. मी मुंबईत मेट्रो आणि उंच इमारतींच्या साइटवर काम केलं आहे. हो, घेतात, आणि आता मुद्दाम घेतातही. कोणी ऐकत नाही, हा त्रास नाही. कामगार ऐकतात. माझ्या साइटवर मालद्याची, झारखंडची, मराठवाड्याची माणसं असायची, सकाळचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू होण्याआधीचं सुरक्षेचं छोटं बोलणं, हिंदीत घ्यायचा, मध्येच दोन बंगाली शब्द. त्रास असतो तो टॉयलेटचा आणि रात्री काँक्रीट ओतायच्या वेळी घरी सोडायला गाडी नसण्याचा. नोकरी घेण्याआधी या दोन गोष्टी स्पष्ट विचारून घे, लाजू नकोस.

बांधकामात पात्रतेचं गणित वेगळं आहे, त्यावर इथे लिहीत नाही. पण काय शिकायला मिळतं ते सांगते. परांचीला, म्हणजे स्कॅफोल्डला, वापरायला सुरक्षित असल्याचा हिरवा टॅग लावलेला असतो. टॅग कालचा असतो. मधल्या वेळात कोणीतरी दोन फळ्या दुसरीकडे न्यायला काढलेल्या असतात. हार्नेस, म्हणजे पडण्यापासून वाचवणारा पट्टा, सगळ्यांनी घातलेला असतो पण हुक स्वतःच्याच पट्ट्यात अडकवलेला, कारण वर अडकवायला जागाच दिलेली नसते. त्याला ओरडून काय उपयोग? आधी लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायची दोरी, बांधून घ्यायची, मग बोलायचं. ठेकेदाराच्या बिलात लाइफलाइनचा वेगळा दर आहे का हे मी निविदेच्या वेळीच बघायला लागले आणि अर्धे वाद तिथेच संपले.

ओतशाळा
मी कोल्हापूरचा, कंपनी डॉक्टर. सगळे सुरक्षेवर बोलताय, आरोग्यावर कोणी नाही. अपघात लगेच दिसतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला, बसलेल्या माणसाच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं साठते आणि धाप लागायला लागते तेव्हा तो नोकरी सोडून गावी गेलेला असतो. सिलिकोसिस बरा होत नाही. बऱ्याचदा टीबी समजून औषधं चालू असतात. कायद्याने हा कळवण्याजोगा आजार आहे, पण कळवला जातो किती वेळा हे फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा.

ऐकू येण्याचंही तेच. आठ तासांना ९० डेसिबल ही कारखान्यातली मर्यादा. गोंगाटाने कान जातो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, बोलणं ऐकू येत असतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे श्रवणचाचणीच्या, आलेखात तिथे खड्डा दिसतो. तो खड्डा बघून मशीनला आवरण घालायला लावणं हे सेफ्टी ऑफिसरचं काम, कानात बोळे देणं हा शेवटचा उपाय.

तुम्ही केमिस्ट आहात तर औद्योगिक स्वच्छताशास्त्र, ज्याला सगळे इंडस्ट्रियल हायजीन म्हणतात, त्याचा विचार करा. कामगाराच्या कमरेला छोटा पंप आणि कॉलरला त्याची नळी लावून हवेचा नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत मोजायचा, कुठल्या कामात किती वाफ नाकात जाते ते शोधायचं. आपल्याकडे ही माणसं फार कमी आहेत आणि बीएस्सी, एमएस्सी केमिस्ट्रीवाल्यांना ते पटकन येतं. कुणी एमबीबीएस हा धागा वाचत असेल तर त्यांच्यासाठी सायनच्याच संस्थेत एएफआयएच हा तीन महिन्यांचा कोर्स आहे, कारखान्यात डॉक्टर म्हणून काम करायला तो लागतो.

वाशिष्ठी
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते बीएडचं बोलले नाहीत, ‘सायनचा फॉर्म कधी निघतो’ एवढं विचारलं. क्लासला नाही कळवते आहे. अनुभवपत्राचं उद्याच एचआरला विचारते. डॉक्टर, हायजीनचं मला माहीतच नव्हतं, त्यावर वेगळं विचारेन.

एकच शेवटचं. एडिसनंतर मुलाखतीला गेल्यावर कंपनी चांगली की वाईट हे मी कसं ओळखायचं? मी त्यांना काय विचारू?

शॉपफ्लोअर
चांगला प्रश्न. मी असतो तर हे विचारलं असतं. मी कोणाला रिपोर्ट करणार? उत्तर ‘एचआर’ किंवा ‘प्रॉडक्शन हेड’ आलं तर पुढे जपून. तुमच्याकडे आधी या पदावर कोण होतं आणि ते का गेले? काम थांबवायचा अधिकार सेफ्टीला आहे असं धोरणात लिहिलंय का, आणि शेवटचं काम कधी, कशासाठी थांबवलं? ज्यांनी खरंच थांबवलंय ते लगेच सांगतात. पद कंपनीच्या पगारपत्रकावर आहे की ठेकेदाराकडून? ठेकेदाराकडून असेल तर त्याच ठेकेदाराच्या चुका तुला लिहाव्या लागतील, त्या तू कशा लिहिणार?

निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात, किती नोंदवतात ते विचार. शून्य म्हणाले तर समज की लोक सांगत नाहीत. आणि ‘प्लांट दाखवाल का?’ असं नक्की विचार. आत गेल्यावर ठेकेदाराची माणसं कुठे जेवतात, आय वॉश (डोळे धुवायचा नळ) उघडल्यावर पाणी येतं का, फायर हायड्रंटपुढे ड्रम ठेवलेत का, एवढं बघ. ४ मार्चला सुरक्षा दिनाचे फलक सगळीकडेच लागतात, ते बघू नकोस.

रिॲक्टरकाका
त्यात एक माझं. गॅस मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख बघ. आणि तो कुठे ठेवतात ते विचार. सेफ्टी ऑफिसरच्या कपाटात कुलुपात असेल तर रात्रपाळीला तपासणी कशी होते, हे तिथेच विचारून घे.